वायफाय सिक्युरिटीचे बेसिक्स: स्वतःच्या राउटरवर करून बघायच्या पायऱ्या

आयटीच्या सिलॅबसमध्ये वायरलेस सिक्युरिटीचं एक युनिट असतं, त्यात वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षित करायच्या एकामागून एक आलेल्या पद्धतींचा एक तक्ता असतो आणि बहुतेक जण तो तक्ता पाठ करून व्हायवाला जातात. एक्स्टर्नलने विचारलं 'वेप का तुटलं?' की उत्तर येतं 'सर, की (म्हणजे माहिती एन्क्रिप्ट करायची किल्ली) छोटी होती', आणि पुढचा प्रश्न आला की गाडी अडकते. कारण १०४ बिटची की वापरली तरी वेप तुटतच होतं, म्हणजे लांबीचा मुद्दा नव्हताच.

मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर सिक्युरिटीचे जे पर्याय दिसतात ना, त्यातला जवळपास प्रत्येक पर्याय कधीतरी काहीतरी तुटलं म्हणून तिथे आलाय. काय तुटलं होतं ते समजलं की काय चालू ठेवायचं आणि काय बंद, हे पाठ करावं लागत नाही, आपोआप सुचतं. म्हणून प्रत्येक पायरीत आधी बटण, मग त्यामागची भानगड, असं जाऊया.

सुरू करण्याआधी

सगळं स्वतःच्या राउटरवर करायचं. शेजाऱ्याच्या नाही, कॉलेजच्या नाही, फ्लॅट शेअर करत असाल तर रूममेट्सना सांगून. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरलात तर भरपाई द्यावी लागते, आणि तेच लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करिअर सुरू होण्याआधीच असलं काही नावावर लागू देऊ नका.

सगळ्यात चांगलं म्हणजे माळ्यावर पडलेला जुना राउटर काढा, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं, आपल्याला फक्त त्याचं वायफाय हवंय. सोबत एक फोन आणि लिनक्स टाकलेला एक लॅपटॉप.

पायरी १: राउटरच्या आत जा आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला

फोनच्या वायफाय डिटेल्समध्ये 'गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं लॉगिन पान उघडतं. इथे पुष्कळ जणांचा गोंधळ होतो, पासवर्ड दोन वेगळे असतात. एक वायफायला जोडायचा, दुसरा राउटरची सेटिंग बदलायचा. पहिला आपण बदलतो, दुसरा फॅक्टरीतून आलेला तसाच राहतो, आणि तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो किंवा त्या मॉडेलच्या सगळ्या राउटरना एकच असतो.

पाहुणा आला, त्याला वायफायचा पासवर्ड दिला, आता तो आतल्या नेटवर्कमध्ये आहे आणि ॲडमिनचं पान त्याच्या फोनवरही उघडतं. तिथे कोणी डीएनएसचा पत्ता बदलून ठेवला तर घरातल्या सगळ्या फोनना 'ही साइट कुठे आहे' याचं उत्तर परक्या माणसाकडून मिळायला लागतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून पहिलं काम हेच. त्याच पानावर रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरमध्ये शिरायची सोय, दिसली तर बंद करा.

पायरी २: फर्मवेअर

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर. त्याचं अपडेट असेल तर करून घ्या. याचं कारण सांगतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हन विद्यापीठातल्या मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी क्रॅक नावाचा हल्ला जाहीर केला. डब्ल्यूपीए२ चं गणित त्यांनी तोडलं नव्हतं, पासवर्डही त्यांना मिळत नव्हता. हँडशेकमधला, म्हणजे जोडताना राउटर आणि फोन यांच्यात होणाऱ्या चार मेसेजमधला, तिसरा मेसेज परत परत पाठवला की फोन तीच की पुन्हा बसवतो आणि पॅकेटचा काउंटर शून्यावर येतो, मग एकाच काउंटरवर दोन वेगळी पॅकेट एन्क्रिप्ट होतात आणि तिथून माहिती फुटते. त्या वेळच्या अँड्रॉइड ६ आणि लिनक्सची अवस्था सगळ्यात वाईट होती. उपाय होता पॅच, आणि मुख्यतः फोन-लॅपटॉपच्या बाजूचा. म्हणजे राउटर अपडेट केला आणि फोन पाच वर्षं जुन्या पॅचवर ठेवला तर काम अर्धंच झालं.

पायरी ३: सिक्युरिटी मोड निवडा

इथे जरा थांबूया. ड्रॉपडाउनमध्ये साधारण हे दिसेल: ओपन, वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स, डब्ल्यूपीए३.

ओपन म्हणजे पासवर्डही नाही आणि एन्क्रिप्शनही नाही. महाराष्ट्रात हा विषय पेपरात गाजला तो २००८ साली. २६ जुलैला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जो ईमेल गेला त्याचा आयपी पत्ता निघाला नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरचा, त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते कोणीतरी वापरलं होतं. आयपी पत्ता कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याकडे बोट दाखवतो, वापरलं कोणी ते सांगत नाही, आणि चौकशी मालकाच्या दारातूनच सुरू होते. 'माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही केस सांगा.

वेप १९९७ च्या पहिल्या ८०२.११, म्हणजे वायफायच्या, स्टँडर्डबरोबर आलं. त्यात आरसी४ सायफर, म्हणजे एन्क्रिप्ट करायची पद्धत, आणि प्रत्येक पॅकेटसाठी की वेगळी व्हावी म्हणून पुढे २४ बिटचा एक आकडा जोडायचे, त्याला आयव्ही म्हणतात. २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आकडे. ऐकायला मोठं वाटतं, पण गजबजलेल्या नेटवर्कवर एवढी पॅकेट काही तासांत जातात आणि आकडे परत यायला लागतात. त्यात हा आयव्ही उघडा पाठवला जातो आणि सरळ कीच्या पुढे चिकटवला जातो. आरसी४ मध्ये काही आयव्ही असे आहेत की ते पडले की कीचा एखादा बाइट कळून येतो, हे फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ मध्ये दाखवलं. २००७ पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी १०४ बिटची वेप की एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. व्हायवाला हे उत्तर द्या: की वापरायची पद्धत चुकीची होती, लांबी नव्हे.

मग २००३ मध्ये घाईघाईने डब्ल्यूपीए आलं, जुन्याच हार्डवेअरवर चालावं म्हणून आरसी४ तसंच ठेवून वर टीकेआयपीचं, म्हणजे प्रत्येक पॅकेटची की नीट मिसळून काढायच्या पद्धतीचं, ठिगळ लावलेलं. ते आता वापरू नका. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं, एईएस हा नवा सायफर घेऊन, आणि ते आजही बहुतेक घरात चालतंय. डब्ल्यूपीए३ जून २०१८ चं. राउटरमध्ये तो पर्याय असेल आणि घरातली सगळी डिव्हाइस जोडली जात असतील तर डब्ल्यूपीए३ ठेवा. जुना प्रिंटर किंवा स्वस्तातला स्मार्ट बल्ब नाटकं करत असेल तर मिक्स मोड. तोही नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस. 'टीकेआयपी आणि एईएस' असा एकत्र पर्याय दिसला तर त्यातून फक्त एईएस निवडा.

पायरी ४: पासवर्ड, आणि त्याचं आत नक्की काय होतं

या युनिटमधलं एकच प्रकरण नीट समजून घ्यायचं असेल तर हे घ्या, बाकीचं अर्धं यातून सुटतं.

डब्ल्यूपीए२ मध्ये तुमचा पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. पासवर्ड आणि वायफायचं नाव, म्हणजे एसएसआयडी, ही जोडी पीबीकेडीएफ२ नावाच्या फंक्शनमध्ये टाकतात, ते ४०९६ फेऱ्या मारतं आणि २५६ बिटची एक की बाहेर येते, तिला पीएमके म्हणायचं. हे राउटरमध्येही होतं आणि फोनमध्येही, स्वतंत्रपणे. आता दोघांना एकमेकांना पटवायचंय की आपल्याकडे सारखीच पीएमके आहे, पण ती दाखवायची नाहीये. म्हणून चार मेसेज होतात. पहिल्यात राउटर एक रँडम आकडा पाठवतो. फोन स्वतःचा रँडम आकडा काढतो, मग पीएमके, दोन्ही रँडम आकडे आणि दोघांचे मॅक पत्ते, म्हणजे वायफाय कार्डचे ओळख-आकडे, यांतून त्या सेशनची की तयार करतो, आणि दुसऱ्या मेसेजमध्ये आपला आकडा पाठवतो, सोबत त्या कीने केलेली एक सही, तिला एमआयसी म्हणतात. राउटर तेच गणित करून सही जुळते का बघतो. तिसऱ्यात राउटर ग्रुप की, म्हणजे सगळ्यांना एकत्र पाठवायच्या मेसेजची की, देतो, चौथ्यात फोन पोचपावती देतो. झालं.

आता हल्ला करणाऱ्याच्या जागी बसा. तो बाहेर जिन्यात बसून ऐकतोय. त्याला दोन्ही रँडम आकडे मिळाले, दोन्ही मॅक पत्ते मिळाले, नेटवर्कचं नाव तर माहीतच, आणि सहीही मिळाली. त्याला फक्त पासवर्ड माहीत नाही. मग तो हे सगळं घरी घेऊन जातो आणि एकेक पासवर्ड लावून बघतो, अंदाज घ्या, पीएमके काढा, सेशन की काढा, सही जुळली का? नाही, पुढचा. राउटरला याचा पत्ताच नाही, त्यामुळे 'तीन वेळा चुकलं की लॉक' वगैरे काही नाही. म्हणून डब्ल्यूपीए२ ची ताकद शेवटी तुमच्या पासवर्डएवढीच.

हिशोब करून बघूया. चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला दहा लाख अंदाज धरा, हा फुगवलेला आकडा नाही. आठ अंकी पासवर्ड, जन्मतारीख वगैरे, एकूण शक्यता दहा कोटी, म्हणजे १०० सेकंद. मोबाइल नंबर? कनेक्शन बसवायला येणारे लोक सर्रास घरमालकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातात. आपल्याकडे नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता ४०० कोटी, म्हणजे ४००० सेकंद, तासाभरापेक्षा थोडं जास्त. हे वाचून झालं की आधी घरचा पासवर्ड बघा, नंबर असेल तर आजच बदला, बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

आता बारा स्मॉल अक्षरं, खरंच रँडम निवडलेली: त्याच वेगाने सुमारे तीन हजार वर्षं. लक्षात ठेवायला सोपं हवं असेल तर पाच हजार शब्दांच्या यादीतून पाच शब्द चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा, सुमारे ९९ हजार वर्षं येतात. पण निवड चिठ्ठीनेच व्हायला हवी, डोक्यातून नाही. डोक्यातून निवडले की गाण्याची ओळ, देवाचं नाव, शहराचं नाव आणि मागे १२३ असंच येतं, आणि ते रोमन लिपीत लिहिलेलं मराठी असलं म्हणून सुरक्षित होत नाही, तसल्या याद्या बनवायला काही कठीण नाही. ॲट द रेटचं चिन्ह ए च्या जागी टाकणं वगैरेनेही फार फरक पडत नाही, पासवर्ड तोडणारी टूल्स ते सगळं आधीच करून बघतात. लांबी ८ ते ६३ अक्षरं चालते, तर जागा आहे, वापरा.

एसएसआयडी गणितात आलं म्हणून त्याचंही एक काम लक्षात घ्या: कंपनीचं डीफॉल्ट नाव ठेवलं असेल तर त्या नावासाठी आधीच गणित करून ठेवलेले तक्ते वापरता येतात. नाव बदला. फक्त त्यात फ्लॅट नंबर किंवा आडनाव घालू नका.

डब्ल्यूपीए३ ने नेमकी हीच खोट काढली. त्यात एसएई नावाची देवाणघेवाण असते आणि ऐकून घरी नेण्यासारखं काही हाती लागत नाही, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी समोरासमोर बोलावं लागतं. २०१९ मध्ये व्हॅनहूफ आणि एयाल रोनेन यांनी त्यातल्याही त्रुटी दाखवल्या, ड्रॅगनब्लड नावाने, आणि त्यातली एक मिक्स मोडवाल्यांनी समजून घ्यायला हवी. हल्ला करणारा तुमच्याच नावाचं, फक्त डब्ल्यूपीए२ वालं खोटं नेटवर्क उभं करतो. पहिला मेसेज पाठवायला पासवर्ड लागत नाही. मिक्स मोडसाठी सेव्ह केलेला फोन जोडायला जातो आणि दुसऱ्या मेसेजमध्ये सही देऊन बसतो. म्हणजे मिक्स मोडवर असाल तर वरचा सगळा हिशोब तुम्हाला अजून लागू आहे.

पायरी ५: डब्ल्यूपीएस बंद

पिन टाकून जोडायची सोय. आठ अंकी पिन, शेवटचा अंक चेकसम, म्हणजे आधीच्या सातांवरून निघणारा, म्हणून एक कोटी शक्यता हव्या होत्या. पण राउटर पहिले चार अंक बरोबर आहेत की नाही हे वेगळं सांगतो, मग पुढचे तीन वेगळे, म्हणून शक्यता उरतात दहा हजार अधिक एक हजार, फक्त ११,०००. हे डिसेंबर २०११ मध्ये ष्टेफान फीबॉक यांनी दाखवलं. पिन मिळाला की राउटर स्वतःच पासवर्ड देतो, मग तो पाच शब्दांचा असो की पन्नास. बंद करा.

पायरी ६: पीएमएफ चालू

प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स, ८०२.११डब्ल्यू, २००९ चं. याआधी 'तू डिस्कनेक्ट हो' हा मेसेज कोणीही राउटरच्या नावाने पाठवू शकत होतं आणि फोन मुकाट्याने ऐकत होता. फोन परत जोडला जाताना हँडशेक पकडता येतो म्हणून हल्ल्याची सुरुवात बहुतेक वेळा इथून होते. डब्ल्यूपीए३ मध्ये हे सक्तीचं आहे, डब्ल्यूपीए२ मध्ये 'कॅपेबल' किंवा 'रिक्वायर्ड' असा पर्याय मिळतो. जुनी डिव्हाइस असतील तर कॅपेबल.

पायरी ७: गेस्ट नेटवर्क

पाहुणे, स्मार्ट टीव्ही, कॅमेरा, बल्ब हे सगळं गेस्टवर. कॅमेऱ्याला तुमच्या लॅपटॉपशी बोलायचं काही कारण नाही. गेस्टला लोकल नेटवर्क दिसू नये असा टिक असतो तो तपासा, काही राउटरमध्ये तो आधीपासून लावलेला नसतो.

पायरी ८: डोळ्याने बघा

आता खरी मजा. राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ चॅनेल ६ वर फिक्स करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ, मोड डब्ल्यूपीए२, म्हणजे पकडायला सोपं जाईल. लिनक्स लॅपटॉपचं वायफाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे हवेतली सगळी पॅकेट नुसती ऐकायच्या मोडमध्ये, टाका, तेच चॅनेल लावा. सगळी कार्डं हे करत नाहीत, नसेल जमत तर मॉनिटर मोड चालणारा यूएसबी ॲडॅप्टर मित्राकडून मागा. वायरशार्क, म्हणजे पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, सुरू करा, फोनचं वायफाय बंद करून परत चालू करा, आणि फिल्टरच्या पट्टीत ईएपीओएल ही पाच स्मॉल इंग्रजी अक्षरं टाका, हँडशेकचे मेसेज या नावाने दिसतात.

चार पॅकेट दिसतील. तेच ते चार मेसेज. दुसरं उघडा, आत ३२ बाइटचा नॉन्स दिसेल, तो फोनचा रँडम आकडा, आणि खाली १६ बाइटची एमआयसी, तीच सही. पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीपेक्षा हे एकदा बघितलेलं कायमचं डोक्यात बसतं. मग वायरशार्कच्या प्रेफरन्सेसमध्ये ८०२.११ च्या डिक्रिप्शन कीजमध्ये तुमचा पासवर्ड आणि एसएसआयडी टाका, आणि आत्तापर्यंत एन्क्रिप्टेड दिसणारी फोनची पॅकेट उलगडायला लागतील, डीएनएसच्या चौकशा वगैरे.

हे काय झालं ते लक्षात आलं का? ज्याच्याकडे पासवर्ड आहे आणि ज्याने तुमचा हँडशेक पकडलाय तो डब्ल्यूपीए२ वर तुमचा ट्रॅफिक उलगडू शकतो. कॅफेत भिंतीवर लिहिलेला पासवर्ड सगळ्यांकडे असतो. तिथे तुम्हाला वाचवतं ते वरचं एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधलं एन्क्रिप्शन, वायफायचं एन्क्रिप्शन नाही. म्हणून बाहेरच्या नेटवर्कवर ब्राउझरने सर्टिफिकेटची वॉर्निंग दिली की 'पुढे जा' कधीही दाबू नका. रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारख्या ओपन नेटवर्कला फोनमध्ये ऑटो कनेक्टही ठेवू नका, त्या नावाचं दुसरं नेटवर्क कोणीही उभं केलं तरी फोनला फरक कळत नाही.

आता राउटर डब्ल्यूपीए३ वर टाकून हेच परत करा. ईएपीओएलच्या आधी एसएईच्या ऑथेंटिकेशन फ्रेम दिसतील, दोन कमिट आणि दोन कन्फर्म. पासवर्ड वायरशार्कला द्या. उलगडत नाही. तक्त्यातला फरक हा असा दिसतो.

त्याच कॅप्चरमध्ये आणखी दोन गैरसमज मिटवून घ्या. एसएसआयडी लपवून बघा: बीकनमध्ये, म्हणजे राउटर सतत पाठवत असलेल्या 'मी इथे आहे' या फ्रेममध्ये, नाव रिकामं दिसेल, पण फोन जोडला जाताना तेच नाव उघडं जातं, शिवाय लपवलेलं नेटवर्क शोधायला फोन बाहेर गेल्यावरही त्याचं नाव घेत फिरतो. आणि मॅक फिल्टर, म्हणजे यादीतल्या मॅक पत्त्यांनाच आत घेणं: एन्क्रिप्टेड पॅकेटवरही मॅक पत्ते उघडेच दिसतील, बघून कॉपी करता येतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन रँडम मॅक वापरतात म्हणून उलट आपलाच फोन बाहेर राहतो. दोन्हीवर वेळ घालवू नका.

पायरी ९: कॉलेजचं किंवा ऑफिसचं वायफाय

तिथे प्रत्येकाला वेगळं यूजरनेम असतं, मागे ८०२.१एक्स ही लॉगिनची पद्धत आणि खाती तपासणारा रेडियस सर्व्हर. सगळ्यांचा एक पासवर्ड नसल्याने एक जण सोडून गेला तर फक्त त्याचं खातं बंद करायचं. पण जोडताना फोन विचारतो 'सर्टिफिकेट तपासायचं का', तिथे बरेच जण 'तपासू नका' करून मोकळे होतात. सर्टिफिकेट न तपासता पीईएपी (यूजरनेम-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत) वापरलं तर खोट्या ॲक्सेस पॉइंटला तुमच्या पासवर्डवरून काढलेलं उत्तर, म्हणजे चॅलेंज-रिस्पॉन्स, जातं, आणि त्यासाठी वापरला जाणारा एमएसचॅपव्ही२ प्रोटोकॉल २०१२ पासून तुटल्यातच जमा आहे. आयटी विभागाकडून सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव मागून घ्या. पुढे नेटवर्क तुमच्या हातात आलं तर ईएपी-टीएलएस लावा, त्यात यूजरचा पासवर्डच नसतो, दोन्ही बाजूंना सर्टिफिकेट.

घरी ही सोय नाही, तिथे एकच पासवर्ड सगळ्यांचा. म्हणून फ्लॅटमधून कोणी गेलं की पासवर्ड बदलायचा, त्याच दिवशी, त्याच्यावर विश्वास असला तरी, कारण त्याचा जुना फोन उद्या कोणाच्या हातात जाईल ते त्यालाही माहीत नाही. आणि बदलून झाल्यावर राउटरच्या पानावरची जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडून एकेक नाव ओळखा. जे ओळखता येत नाही त्याचा मॅक पत्ता लिहून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनशी ताडून बघा. बहुतेक वेळा तो टीव्ही किंवा प्रिंटरच निघतो.